जुन्या चांदीच्या रुपयांवरील ठशांचे तडे आटणीपूर्वी पाहावेत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

चांदीचा भाव चढला की जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या सराफ बाजारांत घरोघरची जुनी चांदी मोडीला येऊ लागते आणि त्या मोडीत वाळे, तोरड्या व कडदोरे यांच्याबरोबर राणीछाप व राजाछाप रुपयेही बऱ्याच संख्येने असतात. बाजारात या रुपयांची दोन गटांत विभागणी होते. स्वच्छ आणि एकसारखे दिसणारे रुपये लक्ष्मीपूजनासाठी पुन्हा विकायला ठेवले जातात. ज्यांच्या तोंडावर एखादी रेघ, कडेला फुगवटा किंवा अक्षरांना दुहेरी कड दिसते, ते डागी समजून आटणीच्या मुशीत टाकले जातात. या दुसऱ्या गटाकडे मुशीत जाण्यापूर्वी निदान एकदा भिंगातून पाहिले जावे, एवढीच विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. जुन्या नाण्यांचा संग्रह आणि अभ्यास मी पुष्कळ वर्षे करीत आलो आहे आणि ज्यांना बाजार डाग म्हणतो त्यांतील कित्येक खुणा टांकसाळीतच उमटलेल्या असतात, हे माझ्या पाहण्यात वारंवार आले आहे.

नाणे पडते तेव्हा चांदीची कोरी चकती दोन पोलादी ठशांच्या मध्ये ठेवून यंत्राच्या दाबाने ठोकली जाते. ठशावर चित्र व अक्षरे उलटी आणि खोल असतात, म्हणून नाण्यावर ती सुलटी आणि उठावदार येतात. ठशाच्या पोलादाला पाणी देऊन ते कडक केलेले असते, पण कडक पोलाद ठिसूळही असते. त्यामुळे हजारो-लाखो ठोके सोसल्यावर त्याला बारीक तडे जाऊ लागतात. पुढच्या प्रत्येक ठोक्याला चांदी त्या तड्यात शिरते आणि नाण्यावर केसाएवढी बारीक, परंतु पृष्ठभागापासून वर आलेली रेघ उमटते. ठसा बदलला जाईपर्यंत हा तडा लांबत आणि रुंदावत राहतो. म्हणूनच एकाच ठशातून पडलेली पाच-सहा नाणी एकत्र मिळाली, तर कोणते आधी पडले आणि कोणते नंतर, याचा क्रम त्या रेघेच्या लांबीवरून लावता येतो. शेवटी ठशाच्या कडेचा तुकडाच निखळला, तर नाण्याच्या त्या जागी अक्षरे पुसून टाकणारा गुळगुळीत फुगवटा येतो. कधी मध्ये चकती नसतानाच दोन्ही ठसे एकमेकांवर आदळतात आणि मग पुढच्या नाण्यांवर राजाच्या चेहऱ्यासमोर मागच्या बाजूच्या वेलबुट्टीची पुसट सावली दिसते. ठशावर पत्रा ठोकून नक्षी उठवणे हे आपल्या सोनारांचे पिढीजात काम आहे आणि फुटलेल्या ठशाची रेघ दागिन्यावर कशी उतरते, हे त्यांनी स्वतः पाहिलेले असते. नाण्याच्या बाबतीत तीच नजर वापरावी, असे माझे सांगणे आहे.

ठशाचा तडा आणि नंतर पडलेला ओरखडा यांतील भेद ओळखणे कठीण नाही, मात्र त्यासाठी घाई करून चालत नाही. नाणे कडेने धरून, प्रकाश एकाच बाजूने येईल असे बसून, ते हळूहळू कलते करीत दहापट दाखवणाऱ्या भिंगातून पाहावे. ओरखडा म्हणजे खोल गेलेली चर असते; तिच्या दोन्ही काठांना बाजूला सरलेली चांदी किंचित वर आलेली दिसते आणि चर जर अलीकडची असेल तर आतून ती लखलखते. तड्याची रेघ याच्या उलट उंच असते, तिच्यावर नाण्याच्या इतर भागासारखीच काळपट छटा चढलेली असते आणि ती सरळसोट न जाता वेडीवाकडी जाते. बहुधा ती कडेपासून निघून एका अक्षराच्या टोकाला मिळते आणि तेथून पुढच्या अक्षराकडे जाते, कारण ठशातील खोल कोरलेल्या जागांच्या कोपऱ्यांपाशी पोलाद लवकर दगा देते. यापेक्षा निराळ्या अशा अगदी सूक्ष्म, एकमेकींना समांतर आणि केवळ मोकळ्या जागेत दिसणाऱ्या उंच रेघा असतील, तर ठसा घासून साफ केल्याच्या त्या खुणा होत. घासणारा दगड ठशाच्या सपाट भागावरून फिरतो, खोलगट चेहऱ्यात उतरत नाही. म्हणून या रेघा चेहऱ्याच्या कडेशी येऊन थांबतात. नाण्यावर मागाहून कोणी कापड किंवा काथ्या घासला असेल, तर त्याचे ओरखडे चेहऱ्यावरूनही तसेच पुढे गेलेले दिसतात.

दुहेरी अक्षरांबाबत मात्र अधिक सावध राहावे लागते. ठसा तयार करतानाच त्यावर नक्षी दोनदा आणि किंचित सरकून दाबली गेली, तर त्या ठशाच्या सर्व नाण्यांवर अक्षरे खरोखर दोनदा येतात. दोन्ही आकृत्या गोलसर आणि पूर्ण उठावाच्या असतात व अक्षरांच्या कोपऱ्यांत स्पष्ट खाच दिसते. ठोका बसताना ठसा ढिला असल्यामुळे जरासा हलला, तर अक्षराच्या बाजूला चपटी, पायरीसारखी कड येते. पहिला प्रकार अभ्यासकाच्या दृष्टीने मोलाचा आहे. दुसरा सर्वत्र सापडतो आणि त्याला वेगळी किंमत देण्याचे कारण नाही. हा फरक न सांगता दुसऱ्या प्रकारची नाणी पहिल्याच्या भावाने विकली जातात, हे खेदाने नमूद करावे लागते.

या अभ्यासाची सर्वांत भक्कम परंपरा अमेरिकेच्या चांदीच्या डॉलरभोवती उभी राहिली आहे, म्हणून त्याचे उदाहरण द्यावेसे वाटते. जॉर्ज मॉर्गन या कलावंताने घडवलेला आणि त्याच्याच नावाने ओळखला जाणारा डॉलर १८७८ ते १९०४ या काळात आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडला गेला. त्याचे वजन २६.७३ ग्रॅम असून त्यात नव्वद टक्के चांदी आहे. पहिल्याच वर्षी नाण्याच्या मागच्या बाजूवरील गरुडाच्या शेपटीत आठ पिसे होती, ती बदलून सात करण्यात आली आणि मधल्या काळात आठ पिसांच्या ठशांवरच सात पिसे दाबली गेल्याने काही डॉलरांवर सात पिसांखालून जुन्या पिसांची टोके डोकावतात. व्हॅन अॅलन आणि मॅलिस या दोन अभ्यासकांनी या डॉलरच्या ठशांची वर्षवार आणि टांकसाळवार यादी केली. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्या यादीतील क्रमांकांना व्हॅम म्हणतात. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीतील १८८८ सालच्या एका ठशाला असा तडा गेला की तो पुढच्या बाजूवरील स्वातंत्र्यदेवीच्या चेहऱ्यावरून आरपार गेला. संग्राहकांनी त्या डॉलरला जखमी चेहऱ्याचा डॉलर असे नाव दिले आणि त्याच वर्षाच्या साध्या डॉलरपेक्षा कित्येक पटींनी अधिक रक्कम त्याला मिळते. कार्सन सिटीच्या १८९० सालच्या एका ठशावर गरुडाच्या शेपटीपासून खालच्या पानांच्या वेलीपर्यंत खोल चीर पडली होती. तिच्यामुळे नाण्यावर आलेली जाड पट्टी नुसत्या डोळ्यांनीही दिसते. आपल्याकडे असा रुपया मोडीला आला असता, तर त्याचे काय झाले असते, याचा विचार वाचकांनीच करावा.

या डॉलरचा आणि आपल्या घरांतील रुपयांचा संबंध मी सहज जोडलेला नाही. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून कापूस, ताग आणि धान्य मोठ्या प्रमाणावर बाहेर जात होते आणि त्याचे पैसे घेताना लोक कागदी नोटेऐवजी चांदीचा रुपया मागत होते. खानदेश हा तर कापसाचाच मुलूख. १९१८ च्या सुरुवातीस सरकारी खजिन्यातील रुपये इतके आटले की नोटांच्या बदल्यात चांदी देता येईल की नाही, अशी अवस्था आली. तेव्हा अमेरिकेने एप्रिल १९१८ मध्ये पिटमन कायदा केला. त्या कायद्याखाली २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले गेले आणि त्यांतील सुमारे २६ कोटी डॉलरांची चांदी ब्रिटिश सरकारला हिंदुस्थानच्या नाण्यांसाठी विकण्यात आली. मुंबई आणि कलकत्ता येथील टांकसाळींनी मिळून १९१८ आणि १९१९ या दोन्ही वर्षांत दरवर्षी चाळीस कोटींच्या आसपास रुपये पाडले. पंचम जॉर्जचे या दोन सालांचे रुपये खानदेशात आजही सर्वांत अधिक दिसतात आणि त्यांच्या चांदीत वितळलेल्या डॉलरांचा अंश आहे. कोणत्या वर्षाचे, कोणत्या टांकसाळीचे आणि कोणत्या ठशाचे डॉलर त्या आटणीत गेले, याची नोंद कोणी ठेवली नाही. त्यामुळे एखाद्या सालचे किती डॉलर पाडले गेले याचा आकडा कागदावर असूनही त्यांतील किती शिल्लक आहेत, हे अमेरिकेतील अभ्यासकांना आजही उरलेली नाणी मोजूनच अजमावावे लागते. आपण तीच आटणी आपल्या रुपयांच्या बाबतीत, तशीच नोंद न ठेवता, करीत आहोत.

आपल्या रुपयात पाहण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. १८३५ चा विल्यम राजाचा रुपया घ्यावा. त्याच्या मानेच्या छेदावर, म्हणजे चित्र मानेखाली जेथे कापलेले असते तेथे, कधी एफ, कधी आर एस ही अक्षरे असतात, तर कधी काहीच नसते. १८४० च्या राणीछाप रुपयांवर राणीचे नाव काहींवर सलग फिरलेले, तर काहींवर डोक्याच्या दोन्ही बाजूंना विभागलेले असते. मागच्या वेलीतील फळांची संख्याही ठशाठशांत वेगळी आहे. १८६२ हे साल असलेले रुपये तर १८७४ पर्यंत त्याच सालाने पडत राहिले आणि मुंबईच्या टांकसाळीने मागच्या बाजूस बारीक ठिपके वाढवत नेऊन खरे वर्ष सूचित केले. हे ठिपके मोजण्यासाठी भिंग लागतेच, आणि झिजलेला रुपया म्हणून ज्याची चांदीच्या वजनाने किंमत केली जाते, तो या ठिपक्यांमुळे दुर्मीळ ठरू शकतो. १९११ सालच्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या वस्त्रावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाली, म्हणून तो रुपया मागे घेण्यात आला आणि १९१२ पासून हत्तीचे चित्र सुधारण्यात आले. त्या रुपयांवर खालच्या कमळाखाली बारीक ठिपका असेल तर तो मुंबईचा, नसेल तर कलकत्त्याचा, एवढे तरी घरातल्या प्रत्येकाला पाहता येईल. ठशांचे तडे ही याच्या पुढची पायरी आहे. चाळीस कोटी रुपयांसाठी किती ठसे झिजले आणि फुटले असतील, याची कल्पना केली, म्हणजे १९१८-१९ च्या सामान्य समजल्या जाणाऱ्या रुपयांतही तडे शोधणाऱ्याला किती मोठे क्षेत्र आहे, ते ध्यानात येईल.

हाताने ठोकलेल्या जुन्या रुपयांना मात्र हे नियम जसेच्या तसे लावू नयेत. बुऱ्हाणपूरच्या मोगल टांकसाळीतला किंवा चांदवडचा रुपया हातोड्याने ठोकलेला असल्यामुळे चकती पसरताना तिची कडच फाटते. ती फट धातूतील असते, ठशातील नसते. त्यांवर सराफांनी कस पाहण्यासाठी मारलेल्या टोच्याच्या खुणाही असतात. त्या नाण्याच्या प्रवासाच्या साक्षी आहेत, पण त्या निराळ्या अभ्यासाचा विषय आहेत.

आता किमतीविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे, कारण या पत्रामुळे कोणाची फसगत होऊ नये. रेघ असलेला प्रत्येक रुपया हजारोंना विकला जातो, असे मुळीच नाही. बहुतेक तडे असलेल्या रुपयांना साध्या रुपयापेक्षा थोडेच अधिक मिळते आणि कित्येकांना काहीच अधिक मिळत नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींमधून जुन्या नाण्यांना लाखो रुपये देण्याची आमिषे दाखवून आगाऊ शुल्क उकळले जाते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या नावाने चालणाऱ्या अशा व्यवहारांपासून दूर राहण्याचा जाहीर इशारा दिलेला आहे. आपल्या भागातील यात्रांमध्ये आणि बाजारांत खोदकामात सापडलेले म्हणून जे चांदीचे डॉलर दाखवले जातात, त्यांच्याबाबत तर अधिकच काळजी घ्यावी. मॉर्गन डॉलरवर १८७८ च्या आधीचे साल असेल, किंवा परदेशी व्यापारासाठी पाडलेल्या व ट्रेड डॉलर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी डॉलरवर १८७३ ते १८८५ यांच्या बाहेरचे साल असेल, तर ते नाणे खोटे आहे, हे वजन न करताही सांगता येते. साल बरोबर असले तरी वजन करावे, लोहचुंबक लावून पाहावा आणि कड तपासावी. ओतीव नकलेत पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक दाणे आणि कडेवर जोडाची रेघ सापडते. एक खूण विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. उंच रेघ दोन नाण्यांवर त्याच जागी दिसली, तर दोन्ही एकाच ठशाची म्हणून आनंद मानावा. पण तोच खोलगट पोचा किंवा तोच ओरखडा दोन नाण्यांवर हुबेहूब दिसला, तर कोणा एका खऱ्या पण मार लागलेल्या नाण्यावरून नकली ठसा केला गेला आहे, असे समजावे. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया दुर्मीळ असल्यामुळे १९३८ च्या रुपयातील शेवटचा आकडा कोरून बदलण्याचे प्रकार होतात, म्हणून त्या आकड्याभोवतीची चांदी भिंगातून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. जमिनीत खरोखर नाणी सापडली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागतात, हेही अनेकांना माहीत नसते.

सराफ बंधूंचा व्यवहार मी जाणतो. राणीछाप रुपयाचे मूळ वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने पुरता एक तोळा, आणि कस सुमारे ९१.७ टक्के, म्हणजे न झिजलेल्या रुपयात १०.७ ग्रॅमच्या आसपास शुद्ध चांदी निघते. चढत्या भावात आटणी लगेच पैसे देते, आणि गिऱ्हाईक समोर उभे असताना भिंग लावून प्रत्येक रुपया पाहत बसणे त्यांना परवडणारे नाही. म्हणून माझी सूचना एवढीच आहे की ज्या रुपयावर उंच रेघ, कडेचा फुगवटा किंवा दुहेरी अक्षरे प्रथमदर्शनीच दिसतात, तेवढे वेगळ्या डब्यात ठेवावेत आणि आटणीपूर्वी स्थानिक संग्राहकांना चांदीच्या भावाने घेण्याची संधी द्यावी. यात त्यांचे नुकसान नाही. सातपुड्यातील पावरा आणि भिल्ल कुटुंबांतून येणाऱ्या रुपयांच्या माळाही याच नजरेने पाहाव्यात. कडी झाळल्यामुळे त्या रुपयांचे बाजारमूल्य उतरते हे खरे, परंतु त्यांवरील ठिपके, अक्षरे आणि तडे तसेच वाचता येतात. शिवाय ती माळ जशीच्या तशी राहणे हे त्या घराच्या दृष्टीने सुट्या रुपयांहून अधिक मोलाचे आहे.

दुसरी विनंती संस्थांना आहे. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने खानदेशाचे कागद जपले; जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे विद्यार्थी आणि साधने आहेत; नाशिकजवळ अंजनेरी येथे तर केवळ नाणेशास्त्राला वाहिलेली संशोधन संस्था आहे. या तिघांनी मिळून खानदेशात आढळणाऱ्या चांदीच्या रुपयांच्या ठशांची छायाचित्रांसह नोंदवही सुरू केली, तर आटणीत जाणाऱ्या नाण्यांची निदान माहिती तरी उरेल. नोंद साधी असावी. साल, टांकसाळीची खूण, ग्रॅममध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत वजन, दोन्ही बाजूंची एकाच बाजूने प्रकाश टाकून काढलेली छायाचित्रे, आणि तडा कोठून कोठे जातो त्याचे वर्णन, एवढे पुरे आहे. तड्याची जागा घड्याळाच्या आकड्यांवरून सांगण्याची संग्राहकांची पद्धत आहे: राजाच्या मुकुटापाशी बारा धरून, कडेपासून दोनच्या जागी सुरू होऊन अक्षरांच्या माथ्यावरून पाचपर्यंत, असे लिहिले की ते नाणे न पाहिलेल्या माणसालाही आपल्या रुपयाशी ताडून पाहता येते. मालकाचे नाव नोंदीत घालण्याची गरज नाही, तसे केले तर लोक पुढे येणार नाहीत.

शेवटी, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी घरोघरी रुपये चिंच, राख किंवा दात घासण्याच्या पेस्टने घासले जातात, त्याविषयी घरातील मातांना आणि भगिनींना नम्रपणे सांगावेसे वाटते. या घासण्याने ठशाच्या बारीक रेघा आणि टांकसाळीतून आलेली मूळ झळाळी कायमची जाते आणि पुढे कोणी भिंग लावले तरी ओरखड्यांखेरीज काही दिसत नाही. रुपये कोमट पाण्यात धुऊन, मऊ सुती कापडाने न घासता नुसते टिपून घ्यावेत आणि पूजेनंतर हळदी-कुंकू व पंचामृत लागलेले असेल तर त्याच दिवशी पुन्हा पाण्याने धुऊन, पूर्ण वाळल्यावर, एकमेकांवर न आपटता कागदाच्या निरनिराळ्या पुड्यांत ठेवावेत.

कळावे,
आपला,
एक नाणेसंग्राहक,
भुसावळ, जि. जळगाव